किंक्रांतीच्या दिवशी होडी

धरणाचं नाव मी सांगणार नाही. ज्या साहेबांनी आम्हाला 'शासकीय पाहणी' म्हणून पाण्यात सोडलं, ते आता निवृत्त असले तरी त्यांची पेन्शन चालू आहे, आणि माझ्यामुळे कुणाची पेन्शन अडावी असं मला वाटत नाही. सेलूहून सकाळी निघालं की उन्हं वर यायच्या आत पोचता येतं एवढ्या अंतरावर ते आहे, आणि त्याच्या पाण्याखाली मौजे वाघदरी नावाचं गाव आहे, एवढं कळलं तरी पुरे. त्या गावात माझा जन्म झाला. गावात म्हणजे गावाबाहेर, पण ते ओघात येईलच.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. विज्ञानाच्या मास्तराला एखादा नाद असावा लागतो, नाहीतर लोक त्याला गणिताचा समजतात. मला पक्ष्यांचा नाद आहे. हिवाळ्यात आमच्या धरणावर कुरव येतात, म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे पक्षी. शिवाय त्या पाण्यात पाणमांजरं आहेत, असं भोई लोक सांगतात. मी पंधरा हिवाळे दुर्बीण घेऊन काठावर बसलो, मला एकही दिसलं नव्हतं. तरीही मोहितेसाहेबांपुढे मी छाती पुढे काढून म्हणालो, "आमच्याकडेही समुद्रपक्षी आहेत, आणि पाण्यातली जनावरंसुद्धा. होडीतून दाखवतो." हा माणसाचा स्वभाव आहे. मुलीचा बाप झाला की तो जास्तच उफाळून येतो.

मोहितेसाहेब रत्नागिरीचे. बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या सुबोधनं आमच्या विशाखाला पाहिलं होतं आणि दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. याआधी पाहायला आलेल्या प्रत्येक मुलात विशाखाला काहीतरी खोट दिसली होती. एक जण चहा बशीत ओतून प्यायला म्हणून गेला, एक जण प्यायला नाही म्हणून गेला. सुबोधबद्दल मात्र ती नुसती "बरा आहे" म्हणाली आणि आठवडाभर भाजी खारट करत राहिली. तेव्हा आमची मंडळी, लक्ष्मीबाई, मला म्हणाल्या, "हे जर मोडलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही." त्यांच्या डोळ्यांत मला एवढं पाणी कधी दिसलं नव्हतं.

मोडायला दोन कारणं टपून बसलेली होती. मोहितेसाहेबांची थोरली सून घाटावरची. घर समुद्राला लागून. लाटांच्या आवाजानं तिला झोप येईना, भरतीच्या दिवशी ती उशी घेऊन माळ्यावर जायची, आणि शेवटी जी माहेरी गेली ती गेलीच. तेव्हा मुलगी पाण्याला भिणारी नको, ही पहिली अट. दुसरी अट त्यांनी कागदाला कागद लावल्यासारखी सरळ सांगितली. "सर, आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा नुसत्या भिंतीवर नाहीत. देवदेव, ओटीबिटी, नवससायास असलं काही सोयऱ्याच्या घरीदेखील मला खपत नाही." मी म्हणालो, "आमच्या घरी तर चुलीसमोरसुद्धा कुणी हात जोडत नाही." हे खरंच होतं.

विद्यापीठाच्या नामविस्ताराला मोहितेसाहेब औरंगाबादला आले होते. संक्रांतीच्या दिवशी तो झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माणसं तुरुंगात गेली, ज्याच्यासाठी आमच्या भागातली घरं जळाली, ते पूर्ण नाही तरी निम्मंशिम्मं झालं. त्याच रात्रीच्या गाडीनं साहेब सेलूला आमच्याकडे उतरले. शेवटचा शब्द देऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, असा बेत. म्हणजे होडीला दिवस एकच उरला. किंक्रांत.

आता परवानगीचं सांगतो. ती मी महिनाभर आधीच काढायला घेतली होती. कचेरीतल्या कारकुनानं माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "पक्षी पाहणे? ह्या कामाला आमच्याकडं खानाच न्हाई. मासेमारी हाय, शासकीय पाहणी हाय, अन् प्रेत शोधणे हाय." मी म्हणालो, यातलं मला शेवटचं नको. तो विचारात पडला. "पक्षी उडता असंल तर वनखात्याचा. पाण्यावर बसला तर आमचा. तुमी कोनता बगणार?" मी म्हणालो, बसलेला बघेन. "अन् बगता बगता उडाला तर?" मी विषय बदलला. पाणमांजराचं नाव निघताच त्यानं अर्ज मिटला, कारण ते माशात धरायचं की मांजरात, हे वरून विचारून घ्यावं लागलं असतं. शेवटी कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी वैतागून 'शासकीय पाहणी' लिहून शिक्का मारला.

शिक्का मिळाला, पण होडी कुठली? होडी होती मुंजाजी भोयाची, आणि मुंजाजी बुडालेल्या वाघदरीचाच. तो अनोळखी माणसाला होडी द्यायचा नाही, शिक्का दाखवला तर मुळीच नाही. तो फक्त आमच्या शेजारणीचं, कमलबाईंचं ऐकायचा. कमलबाई वाघदरीच्या पाटलांची लेक. सेलूत कापसाचे व्यापारी व्यंकटराव यांच्या घरी दिली, आणि आता आमच्या त्यांच्या घराची भिंत एकच आहे. गंमत बघा, एका गावात असताना आमची ओळख नव्हती. ती गाव बुडाल्यावर झाली.

कमलबाई म्हणाल्या, "होडी मिळंल की सर. पण मी येणार. माझं म्हायेर त्या पाण्यात हाय. देवीला संक्रांतीचं वाण अन् ओटी द्यायची माझी लय वर्षांची राहिलीय."

ओटी! मोहितेसाहेबांच्या देखत! मी म्हणालो, "वहिनी, देवी तर नव्या वाघदरीत नेली ना?" ते खरं होतं. पुनर्वसनात देवीला प्लॉट सगळ्यांच्या आधी मिळाला होता. मूर्ती वाजतगाजत नेली, शिखरावरचा पितळी कळसही उतरवून नेला.

"मूर्ती नेली. जागा कशी नेतील?" कमलबाई म्हणाल्या. "तुमी काळजी करू नका. मी एका कोपऱ्यात गुपचूप पाण्यात सोडीन. तुमच्या पाव्हण्याला दिसायचं बी न्हाई."

व्यंकटरावांचा मात्र विरोध होता. एक तर किंक्रांतीला कुणी शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही. दुसरं, "दिवस चांगले न्हाईत सर. आता नाव व्हायलंय. जिल्हाभर बंदोबस्त लागलाय. तुमी, ही, अन् ते पाव्हणे, एका होडीत? लोक काय काय बोलतील." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तरीपण जाताना त्यांनी सल्ला दिलाच, की व्याह्यासमोर चपलांत जाऊ नका. म्हणून मी करकरीत तपकिरी बूट घेतले. बूट चावत होते. त्या दिवशी एकूण परिस्थितीच तशी होती.

एसटी बंद. म्हणून व्यंकटरावांच्याच कापसाच्या टेम्पोतून आम्ही निघालो. टेम्पो रिकामा असला तरी त्याला आदल्या खेपेचा कापूस चिकटलेला असतो. धरणावर उतरलो तेव्हा मोहितेसाहेबांचा काळा कोट पांढरा झाला होता, कमलबाईंच्या अंबाड्यात कापूस होता, विशाखा हसू दाबत होती आणि माझ्या दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या बोंडांनी भरल्या होत्या. काठावर मुंजाजी होडी घेऊन उभा होता. आणि होडीच्या शेजारी काठी घेऊन एक हवालदार.

"कुठं जायलाव?"

मी शिक्का दाखवला. त्यानं कागद वाचला, मग आम्हाला एकेक करून वाचलं. "नाव?" मी सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. साहेबांनी सांगितलं. कमलबाईंनी सांगितलं. त्यांचं आडनाव ऐकून हवालदारानं मान वर केली. "बाई, तुमी ह्यांच्यासंगं कशा?"

टेम्पोचा ड्रायव्हर बिडी ओढायचा थांबला. मला वाटलं, संपलं. आता ही बाई काहीतरी सारवासारव करणार, हवालदार परत पाठवणार, आणि रत्नागिरीला जाऊन साहेब सांगणार की तिकडे होडीतसुद्धा बसू देत नाहीत.

"शेजारी हायेत माझे," कमलबाई म्हणाल्या. "अन् माझं म्हायेर ह्या पाण्यात हाय. म्हायेरी जायला तुमची परवानगी लागती का?"

हवालदार वरमला, पण नोकरी ती नोकरी. त्यानं बोटानं मोजलं. "नावाडी धरून पाच झाले. पाच म्हंजे जमाव. जमावबंदी हाय."

मग विशाखानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काका, आम्ही चौघंच काठावर उभे राहतो. नावाडी होडीत आहे. पाण्यावर जमावबंदी आहे का?"

हवालदारानं पाण्याकडे पाहिलं. पाण्याचं त्याच्या हुकुमात काही नव्हतं. "जल्दी जा अन् जल्दी या," तो म्हणाला. "कुनाला सांगू नका, मी सोडलं म्हनून." साहेबांनी पोरीकडे एकदा बघितलं. मला वाटलं, एक अट तरी निम्मी सुटली.

होडी निघाली. मी मधल्या फळीवर, साहेब माझ्यासमोर, त्यांच्या शेजारी विशाखा, मागच्या टोकाला मांडीवर पिशवी धरून कमलबाई, आणि पुढे लांब बांबू घेऊन मुंजाजी. खोल पाण्यात तो वल्ही मारायचा, उथळात बांबू टेकवायचा. काठ मागे गेला. आणि कुरव आले! डोक्यावरून पांढरे पंख, खाली निळं पाणी. मी बोट दाखवून म्हणालो, "बघा साहेब, तुमच्याकडचेच. हिवाळ्यात इकडे येतात." साहेब म्हणाले, "हं." मी म्हणालो, "वर बघा ना." ते म्हणाले, "दिसतात, दिसतात." पण ते बघत होते होडीच्या तळाकडे, आणि दोन्ही हातांनी त्यांनी फळीची कड धरली होती. मला वाटलं, दर्यावर्दी माणूस, होडीचं लाकूड तपासत असेल.

वारा सुटला. मी दुर्बिणीतला कापूस काढत होतो तेवढ्यात खालून खर्र असा आवाज आला आणि होडी थांबली. नुसती थांबली नाही, जराशी वर चढून थांबली. पुढून मुंजाजीनं हळूच खाली वाकून पाहिलं आणि पागोटं काढून हातात घेतलं.

"आक्का," तो कमलबाईंना म्हणाला, "देऊळ लागलं."

पाण्याखाली वीतभर अंतरावर, हिरवट शेवाळलेला, दगडी चक्रासारखा शिखराचा माथा होता. कळस गेला तेव्हा तो सपाट झाला होता आणि आमची होडी त्याच्यावर बरोबर मध्यावर बसली होती, ताटावर वाटी बसावी तशी. वाऱ्यानं ती हलायची, एका बाजूला कलायची, परत यायची. चारी बाजूंना अथांग पाणी. आणि माझ्या नव्या बुटांपाशी, तळाच्या फटीतून, बारीक पाझर सुरू झाला.

"बांबूनं ढकल की," मी म्हणालो.

"कशाला टेकवू?" मुंजाजी म्हणाला. "बांबू तळाला पुरत न्हाई. टेकवायचा तर देवळालाच टेकवावा लागंल."

"मग टेकव!"

मुंजाजीनं दोन्ही कान धरले. "देवीच्या माथ्यावर बांबू? न्हाई सर. माझी पोरंबाळं हायेत."

मी म्हणालो, मूर्ती तर नेली. मुंजाजी म्हणाला, जागा जागृत हाय. मी म्हणालो, जागा पाण्याखाली आहे. तो म्हणाला, देवीला पाणी काय आन् कोरडं काय. अशी आमची चर्चा चालली असताना पाझराची धार झाली. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला तरंगण्याचा नियम पाठ होता, पण त्या नियमात देवीची तरतूद नव्हती. विशाखा डब्यातल्या पोळ्या पदरात ओतून त्या डब्यानं पाणी उपसायला लागली. वारा आणखी वाढला. होडी कलली तेव्हा या खेपेला परत यायला उशीर लागला.

"साहेब," मी म्हणालो, "आपल्याला तर अडचण नाही. आपण दोघांनी उतरून ढकलू."

साहेब हलले नाहीत. त्यांचा चेहरा कोटावरच्या कापसासारखा झाला होता. "मला... माझ्या गुडघ्याला..." ते म्हणाले, आणि पुढचे शब्द गिळून टाकले.

"मी उतरते," विशाखा म्हणाली. "मला पोहता येत नाही, पण देवीची भीती नाही."

"गप बस!" मी आणि कमलबाई एकदम ओरडलो. मग कमलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचा आवाज बदलला. "सर, तुमी उतरा. तुमाला चालतंय."

या देवळाची पायरी मला चालत नव्हती. आई मला कडेवर घेऊन रस्त्यानं जायची तेव्हा देवळापाशी चपला हातात घ्यायची. जत्रेला आम्ही वडाखाली उभे राहायचो आणि घंटा ऐकायचो, बस्. ज्याला पायरी चालत नव्हती त्याला आता एकदम शिखर चालायला लागलं! चालण्या-न चालण्याचं हे शास्त्र मला आयुष्यात कळलेलं नाही, आणि मी विज्ञान शिकवतो. मला राग आला. मनापासून आला. वाटलं, म्हणावं, माझ्यानं होत नाही, मला बाटायचं नाही. पण पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं आणि माझी पोरगी डबा उपसत होती.

मला पोहता येत होतं. याच नदीत शिकलो होतो, खालच्या अंगाला, आमच्या वेगळ्या डोहात. मी उतरलो. बूट काढायचं सुचलंच नाही. पाय शेवाळावर सरकून मी कमरेपर्यंत भिजलो, मग पाय दगडाला बसला, आणि मी पोटरीभर पाण्यात, देवीच्या शिखरावर, ताठ उभा राहिलो. मुंजाजीनं डोळे मिटून घेतले, म्हणजे बघितल्याचं पाप नको. मी खांदा लावला आणि ढकललं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा होडी खर्रकन सरकली.

आणि नेमक्या तेव्हाच कमलबाई उभ्या राहिल्या.

"थांबा, ओटी!" त्यांच्या हातात खण, नारळ, हलव्यानं भरलेलं सुगड. "देऊळ सुटायलंय! हितंच द्यायला पायजे!" होडी त्यांच्या बाजूला झपकन कलली. काठावरून पाणी आत आलं. मुंजाजीचा बांबू हातातून सुटून पाण्यात पडला. साहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की कुरव उडाले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी विशाखाचा दंड घट्ट धरला.

"वहिनी, बसा!"

"आदी ओटी!"

त्या बसणार नव्हत्या. आणखी एक कलंडी खाल्ली असती तर होडी उलटली असती. मी हात पुढे केला आणि ओरडलो, "इकडे द्या! मी ठेवतो!" त्यांनी ओटी माझ्या हातात दिली आणि मटकन खाली बसल्या. होडी सरळ झाली. आणि वाऱ्यानं मला तिथंच सोडून निघाली.

आता चित्र असं होतं. देवीच्या शिखरावर, हातात खणनारळ घेऊन, मी. होडी दूर चाललेली. मुंजाजी हाताच्या ओंजळीनं पाणी उपसतोय, विशाखा डब्यानं, आणि मोहितेसाहेब, ज्यांना ओटीबिटी सोयऱ्याच्या घरीही खपत नाही, ते माझ्याकडे टक लावून बघतायत. बुडण्यापेक्षा मला त्या नजरेची भीती वाटली. पोरीचं लग्न माझ्या हातातल्या नारळावर येऊन थांबलं होतं. फेकून द्यावा, तर त्या बाईला शब्द दिलेला. ठेवावा, तर प्रतिज्ञा. शेवटी मी हात नुसता सैल केला. मी ठेवलं नाही, वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. सुगड बुडालं, खण तरंगला आणि नारळ डुचमळत माझ्यापासून निघाला.

नारळ थोडा लांब गेला आणि थांबला. मग आपोआप फिरायला लागला. मी डोळे चोळले. नारळाच्या पलीकडून एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं. मग दुसरं. मग त्यांच्या मागे एक लहानसं. पाणमांजरं! त्यांनी नारळ नाकानं ढकलला, पंजात धरून पालथं झाली, पोटावर घेतला, सोडला, परत पकडला. एक माझ्याकडे बघून शिंकलं. पंधरा हिवाळे! मी विसरलो की मी कुठं उभा आहे. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "पाणमांजर! पाणमांजर!"

होडीतून विशाखाचा रडवेला आवाज आला, "बाबा, धीर धरा! येतोय आम्ही!"

त्यांनी एकही पाणमांजर पाहिलं नाही. मुंजाजीनं वल्ही मारत होडी आणली, मला वर ओढलं, तेव्हा पाण्यावर फक्त एक खण तरंगत होता. कमलबाईंनी लांबूनच त्याला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोचली," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या हातानं पोचली, सर." माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. थोडा अजून आहे.

मग साहेबांनी घसा साफ केला. "सर, तुम्ही देवीला ओटी—"

"साहेब," मी दात वाजवत म्हणालो, "माझ्या मुलीचा दंड सोडा."

साहेबांनी हाताकडे पाहिलं. बोटांचे वळ उठले होते. त्यांनी सोडला, होडी जराशी हलली, त्यांनी परत धरला. विशाखा शांतपणे म्हणाली, "असू दे, काका. धरा." मी विचारलं, बंदरावर इतकी वर्षं होडीत बसायचात ना? "धक्क्यावरच्या ऑफिसात बसायचो," ते म्हणाले. "होड्या खिडकीतून दिसायच्या. हे घरी कुणाला माहीत नाही. थोरल्या सुनेला मी फार बोललो होतो."

कुणीच हसलं नाही. मग कमलबाई हळू आवाजात बोलल्या. "हे बगा. शिखरावर पाय पडला, हे काठावर कळलं तर ह्या दिवसांत काय हुईल? अठ्ठ्याहत्तरला मी माझ्या डोळ्यानं बगितलंय, कुनाची घरं कुनी पेटवली ते. माझ्या तोंडून ह्यातलं एक अक्षर जायचं न्हाई."

"अन् होडी देवळावर चढली हे कळलं तर माज्या होडीत कोन बसल?" मुंजाजी म्हणाला. "मी तर डोळेच मिटले हुते. म्या काय बी बगितलं न्हाई."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे. "मीही ओटी पाहिली नाही," ते म्हणाले. "माझे डोळे... पाण्याकडे होते."

काठावर हवालदार वाट बघत होता. माझे ओले कपडे, साहेबांचा चेहरा, मुंजाजीचा हरवलेला बांबू, एवढं सगळं त्यानं एका नजरेत टिपलं. काठी पुढे करून त्यानं विचारलं, "काय झालं पाण्यात?"

एक शब्द वाकडा गेला असता तर संध्याकाळपर्यंत तो गावोगाव पोचला असता.

"पक्षी बगितले," कमलबाई म्हणाल्या.

"लय पक्षी," मुंजाजी म्हणाला.

"पांढरे," साहेब म्हणाले. त्यांनी एकही पाहिला नव्हता.

घरी परतलो तेव्हा उन्हं कलली होती. लक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या. मला सोडून त्या साहेबांकडेच बघत राहिल्या. साहेब खुर्चीवर बसले. खुर्ची हलत नाही ना, हे त्यांनी हातानं तपासून पाहिलं. माझी आई, चांगुणाबाई, ओसरीवर भिंतीला टेकून होती. तिनंच तोंड फोडलं. "काय पाव्हनं? आमची पोरगी पान्याला भ्याली का?"

साहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. "नाही आजी," ते म्हणाले. "तीच तेवढी भ्याली नाही. आमच्याकडे न्यायला तारीख सांगा." लक्ष्मीबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशीची भाजी अळणी झाली होती.

साहेब गाडीला गेल्यावर मी अंगणात बूट वाळत ठेवत होतो. आईनं मला जवळ बोलावलं. "वाघदरीवर गेला हुतास म्हनं. देऊळ दिसलं का?"

"दिसलं."

"आत गेलतास?"

होडीतला शब्द होडीतच राहायचा, असं ठरलं होतं. पण आईसमोर शब्द टिकत नाही. मी तिच्या कानाशी वाकलो. "आत नाही गं. वर. कळस नेलाय त्यांनी. कळसाच्या जागी थोडा वेळ मीच उभा होतो."

आईच्या सुरकुत्यांत काय चाललं होतं ते मला दिसेना. मग तिनं विचारलं, "चपला काढल्या हुत्यास का?"

"नाही. बूट होते पायात. घाईत काढायचे राहिले."

तिनं अंगणातल्या बुटांकडे पाहिलं. शेवाळ लागलेले, फुगलेले, जीभ बाहेर काढून बसलेले ते बूट. ती काठी टेकत उठली, बुटांपाशी गेली आणि काठीच्या टोकानं त्यांची तोंडं उरल्यासुरल्या उन्हाकडे फिरवली.

बूट वाळून आकसले आणि माझ्या पायात परत कधी गेले नाहीत. रत्नागिरीला विशाखाच्या लग्नात मुलीचा बाप जुन्या चपलांवर उभा होता, आणि लोक बघत होते. आई मात्र मांडवात येईल त्या माणसाला, न विचारता, सांगत होती, "बूट हायेत त्याचे. घरी ठिवलेत. चांगले हायेत."